धरमतर खाडीकाठची मिठागरे

धरमतर खाडीकाठची मिठागरे म्हणजे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात अंबा नदीच्या मुखाकडील भरतीच्या पट्ट्यात खाडीचे पाणी उन्हात आटवून मीठ तयार करण्याची पारंपरिक ठिकाणे होत. पेण, उरण, पनवेल आणि अलिबाग या तालुक्यांच्या खारेपाट भागात हा व्यवसाय पिढ्यानपिढ्या चालत आला. मुंबई–गोवा महामार्गावरील गडब हे पेण तालुक्यातील गाव याच खारेपाटाच्या कडेला वसलेले आहे. गावाच्या पूर्वेस डोंगर आणि पश्चिमेस अंबा नदीची खाडी असून मधल्या सपाट पट्टीत भातखाचरे, मत्स्यतळी, तिवरांची दाटी आणि जुने मातीचे बांध दिसतात. मीठ कसे पिकते व त्याभोवतीचा मुलूख कसा घडला, हे पाहण्यासाठी हा परिसर सोयीचा आहे.

कोकणात मिठाची खाण नाही. खनिज मीठ जमिनीखालच्या थरांतून खणून काढावे लागते, तर कोकणातील मीठ दर हंगामात नव्याने पिकवावे लागते. त्यामुळे पोलंड, ऑस्ट्रिया किंवा पाकिस्तानातील मिठाच्या खाणी पाहायला जावे त्या अर्थाने येथे पाहण्यासारखी भुयारे वा दालने नाहीत. येथील वारसा उघड्यावरचा आहे. वाफे, बांध, उघाड्या आणि त्यांवर राबणारी माणसे मिळून तो बनतो, आणि बांधाची दोन पावसाळे डागडुजी झाली नाही तर तो चिखलात मिसळून जातो.

नाव

मीठ पिकवण्याच्या जागेस मराठीत मिठागर किंवा नुसते आगर म्हणतात. आगर हा शब्द नारळी-पोफळीच्या बागेसही लावला जातो, त्यामुळे कोकणातील ग्रामनामांत तो आला की अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो. रायगड, ठाणे व मुंबई परिसरातील आगरी समाजाचे नाव या शब्दावरून पडले, असे सामान्यतः मानले जाते. भातशेती, मीठ आणि खाडीतील मासेमारी या तिन्ही गोष्टी या समाजाच्या जगण्यात एकत्र गुंफलेल्या होत्या. पावसाळ्यात खाचरात भात आणि उन्हाळ्यात आगरात मीठ असे अनेक घरांचे वर्ष चाले.

भूगोल

अंबा नदी सह्याद्रीत उगम पावून पाली व नागोठणे या गावांवरून वाहते. नागोठण्याच्या खाली ती भरतीच्या पाण्याखाली येते आणि पुढे धरमतर खाडी म्हणून रुंदावत रेवस व करंजा यांच्यामधून मुंबई बंदराच्या दक्षिण टोकाशी समुद्राला मिळते. पेण शहराजवळून वाहणारी भोगावती आणि उत्तरेकडील पाताळगंगा याही याच जलव्यवस्थेत येतात. खाडीचा उतार इतका मंद आहे की उधाणाची भरती आतपर्यंत बरेच अंतर चढते. समुद्रापासून दूर असलेल्या गावांतही म्हणूनच खारे पाणी, चिंबोऱ्या, निवट्या आणि तिवरे आढळतात.

या सपाट, चिकणमातीच्या जमिनीला खारेपाट म्हणतात. चिकणमाती पाणी झिरपू देत नाही, हा मिठागराच्या दृष्टीने तिचा मोठा गुण. कोकणचा पाऊस मात्र मिठाचा वैरी आहे. हंगामात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात मीठ पिकवायला वर्षातले जेमतेम सहा-सात महिने हाती राहतात आणि त्यांतलेही सुरुवातीचे दोन महिने तयारीत जातात.

खारबंदिस्ती

मिठागर असो वा खाचर, दोन्हींची सुरुवात बांधापासून होते. खाडीच्या कडेने मातीचा मोठा बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे आणि आतील जमीन मिठासाठी किंवा भातासाठी वापरायची, या पद्धतीला खारबंदिस्ती म्हणतात. बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी ठेवलेली असते. ही पाण्याची वाट झडपेने बंद किंवा मोकळी करता येते. भातशेतीच्या उघाडीची झडप ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला आपोआप मिटते. मिठागराच्या उघाडीचे काम नेमके उलट असते. उधाणाला ती मोकळी करून खारे पाणी मुद्दाम आत घ्यायचे आणि भरती उतरण्याआधी बंद करायची. हा फरक ठाऊक असला की दोन बांधांपैकी कोणता कशासाठी घातला आहे, हे पाहणाऱ्याला सहज ओळखता येते.

बांध एकाच्या मालकीचा असला तरी त्याला पडलेली खांड शेजारच्या सगळ्यांना भोवते. त्यामुळे बांधाची निगा ही नेहमीच सामूहिक बाब राहिली. उत्तर कोकणात खाजण जमिनीवर बाहेरचा बांध घालून तिची लागवड करवणाऱ्यांना शिलोत्री म्हणत. मिठागरांच्या बाबतीतही शिलोत्री हा हक्कदारांचा एक प्रकार होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ मध्ये खार जमिनींसंबंधी कायदा केला आणि पुढे महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम, १९७९ लागू झाला. त्यानुसार अनेक बांधांची जबाबदारी शासनाच्या खारभूमी विभागाकडे आली. प्रत्यक्षात मात्र उधाणाच्या रात्री खांड बुजवायला आधी धावतात ते गावकरीच. खांड वेळेवर बुजली नाही तर खारे पाणी खाचरात शिरते आणि पुढे काही वर्षे त्या जमिनीत भात नीट येत नाही. अशा जमिनींसाठी पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे भाताचे वाण विकसित केले असून ते ‘पनवेल’ या नावाने ओळखले जातात.

मीठ पिकवण्याची पद्धत

पावसाळा संपला की आगरातील गोडे पाणी काढून टाकले जाते. पावसाने खचलेले आतले बांध पुन्हा घालतात. मीठ जेथे धरायचे त्या वाफ्यांचा तळ तुडवून, चोपून घट्ट व गुळगुळीत केला जातो. या कामात कसब आहे. तळ भुसभुशीत राहिला तर पाणी मुरते आणि वरचे मीठ ओढताना चिखल बरोबर येतो.

समुद्राच्या एक हजार लिटर पाण्यात सुमारे ३५ किलो क्षार असतात. त्यांतला तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग खाण्याच्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा असतो. पावसाळ्यानंतर काही काळ खाडीचे पाणी नदीच्या पाण्यामुळे पातळ असते. थंडी सरत जाते तसे ते खारट होत जाते. उधाणाला आत घेतलेले पाणी प्रथम मोठ्या साठवणीत थांबते व तेथे त्यातला गाळ खाली बसतो. मग ते एकामागून एक उथळ कप्प्यांतून फिरवले जाते. ऊन आणि वारा त्याला दाट करत जातात. पाणी मूळच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर आले की त्यातील जिप्सम खाली बसू लागते आणि दहाव्या हिश्श्याच्या सुमारास मिठाचे स्फटिक धरू लागतात. जिप्सम आधीच्या कप्प्यांत बसावे आणि मीठ शेवटच्या वाफ्यात धरावे, अशा बेताने पाणी पुढे सरकवणे हे आगरातील खरे शास्त्र होय. घनता मोजण्यासाठी आता बोमे मापक वापरतात. मीठ २५ अंशांच्या आसपास धरू लागते. जुने जाणते कामगार पाण्याच्या रंगावरून, चवीवरून आणि पृष्ठभागावर येणाऱ्या सायीसारख्या पापुद्र्यावरून तोच अंदाज बांधत.

दाट पाण्याला अनेकदा तांबूस किंवा गुलाबी छटा येते. ती अतिक्षारात वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालांमुळे व जिवाणूंमुळे येते. त्या पाण्यात बोटाच्या पेराएवढीही नसलेली कोळंबीसारखी जीवजात वाढते आणि तिच्यासाठी पक्षी उतरतात. पाहुण्यांना हा रंग प्रदूषणाचा वाटतो, पण बहुधा तो पाणी पिकल्याची खूण असते.

वाफ्यात धरलेले मीठ लांब दांड्याला आडवी फळी लावलेल्या अवजाराने कडेला ओढतात. तेथे ते निथळू देतात व नंतर टोपल्यांत भरून डोक्यावरून उंच जागी नेऊन त्याच्या राशी घालतात. हे वाहण्याचे काम मोठ्या प्रमाणात स्त्रियांनी केले आहे. राशीतून मॅग्नेशियमचे कडवट क्षार ओलाव्याबरोबर झिरपून जातात. म्हणून काही आठवडे मुरलेले मीठ ताज्या मिठापेक्षा चवीला बरे लागते आणि हवेत कमी पाझरते. वाफे मातीचे असल्याने कोकणातील मिठाला करडी झाक असते. पावसाळा जवळ आला की राशी पेंढा किंवा गवताने शाकारतात. एप्रिल-मे महिन्यांत वळिवाची एक मोठी सर आली तरी उघड्या वाफ्यांतला आठवड्यांचा पिकाऊ माल काही तासांत विरघळतो. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात नीट दाखवता येत नाही, कारण पाणी ओसरल्यावर तेथे दाखवायला काहीच उरलेले नसते.

कामाचा शरीरावर होणारा परिणाम कठोर असतो. पाण्याचे व पांढऱ्या मिठाचे प्रतिबिंबित ऊन डोळ्यांना त्रास देते. पायांची कातडी क्षाराने फाटते आणि साध्या जखमाही लवकर भरत नाहीत. म्हणून कामाची वेळ पहाटे व उतरत्या उन्हात धरण्याकडे कल असतो.

इतिहास

कोकणातील मीठ बोटींनी किनाऱ्याकिनाऱ्याने आणि बैलांच्या तांड्यांनी घाटावर जात असे. लमाण व वंजारी तांडे देशावरून धान्य खाली आणीत आणि मीठ वर नेत. पेण व नागोठणे ही गावे खाडीच्या आतल्या टोकाशी असल्याने बोटीतला माल उतरवून तो घाटवाटांकडे नेण्याची ती ठिकाणे बनली. पेणच्या मालाची चढउतार जवळच्या अंतोरे बंदरातून होई. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली. त्यानंतर तांड्यांचा व्यापार ओसरला.

मिठावरील कर ही येथे परकीयांनीच आणलेली गोष्ट नव्हती. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीज अमलाखालील बारदेशाचे मीठ स्वस्त पडत असल्याने व्यापारी तिकडे वळत होते. त्यामुळे त्या मिठावर जकात वाढवावी व संगमेश्वरकडील मीठ टिकवावे, असा त्या पत्राचा आशय आहे. स्थानिक उत्पादकाला संरक्षण देणाऱ्या कराचे हे उदाहरण म्हणून अभ्यासक त्याचा उल्लेख करतात.

ब्रिटिश अमदानीतील कराचे स्वरूप वेगळे होते. मुंबई इलाख्यात १८३७ च्या कायद्याने मिठावर मणामागे आठ आणे अबकारी कर बसला. १८४४ मध्ये तो वाढवताच सुरतेत उठाव झाला व सरकारला वाढ अंशतः मागे घ्यावी लागली. पुढे १८८८ मध्ये हा कर मणामागे अडीच रुपयांवर गेला. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्याशिवाय मीठ तयार करणे, साठवणे किंवा हलवणे हा गुन्हा ठरला. मिठागरांवर चौक्या बसल्या आणि तोल व कर झाल्याखेरीज रास हलेनाशी झाली. ज्याच्या वाफ्यात मीठ धरले त्यालाच त्यातली मूठभर उचलता येऊ नये, ही स्थिती गावोगावच्या लोकांना ठाऊक होती. १९३० च्या चळवळीचा विषय लोकांना समजावून सांगावा लागला नाही, त्याचे एक कारण हेच आहे.

६ एप्रिल १९३० रोजी महात्मा गांधींनी दांडी येथे कायदेभंग केला. महाराष्ट्रात विलेपार्ले येथील छावणी, वडाळ्याच्या मिठागरावरील धडका आणि १२ मे रोजी वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा येथे झालेला सत्याग्रह हे ठळक प्रसंग होत. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात त्या वर्षीचे सर्वांत गाजलेले आंदोलन मात्र मिठाचे नव्हे, तर जंगलाचे होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. मिठावरील कर अखेर १९४७ मध्ये रद्द झाला.

ऱ्हास

स्वातंत्र्यानंतर मिठावरचा कर गेला, पण कोकणातील मिठागरांना बरे दिवस आले नाहीत. गुजरातेत पाऊस कमी, जमीन विस्तीर्ण आणि हंगाम लांब असल्याने तेथील मीठ स्वस्त पडते. भारताच्या एकूण उत्पादनातील तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा आज त्या एका राज्याचा आहे. गलगंड रोखण्यासाठी आयोडीनयुक्त मिठाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासून सुरू होता. आयोडीनविरहित मीठ मानवी आहारासाठी विकण्यावर १९९७ मध्ये देशव्यापी बंदी आली, ती २००० मध्ये उठली व २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने या निर्णयाचे समर्थन करता येते. पण त्यामुळे लहान आगरांचे जाडे मीठ स्वयंपाकघरातून बाहेर पडले आणि मासे खारवणे, बर्फ, कातडी कमावणे व नारळीच्या मुळाशी घालणे अशा उपयोगांपुरते उरले.

दुसरा आघात जमिनीच्या मागणीचा होता. १९७० नंतर नवी मुंबईसाठी आणि पुढे न्हावा-शेवा येथील बंदरासाठी उरण-पनवेल पट्ट्यातील भातजमिनींबरोबर मिठागरेही संपादित झाली. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या शेतकरी आंदोलनातील गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. पेण तालुक्याच्या खारेपाटात हाच प्रश्न विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रस्तावाच्या रूपाने आला. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जमीन द्यावी की नाही यावर शेतकऱ्यांचे जनमत घेण्यात आले. भूसंपादनापूर्वी असे मत नोंदवण्याचा प्रसंग देशात क्वचितच घडला आहे. गडबच्या उत्तरेस डोलवी येथे पोलाद कारखाना असून धरमतरच्या धक्क्यावर त्याच्या मालाची बार्जेसनी वाहतूक चालते. त्यामुळे एकेकाळी मीठ आणि भात वाहणाऱ्या खाडीचे रूप बदलले आहे.

सोडून दिलेले आगर लवकर ओळखू येत नाही. बांधाला खांडी पडतात, भरती पुन्हा आत खेळू लागते आणि काही वर्षांत तेथे तिवरे उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि २०१८ मध्ये अंतिम आदेश देऊन खारफुटी तोडण्यास मनाई केली असल्याने, एकदा तिवरे वाढलेल्या जागी पुन्हा वाफे घालणे जवळपास अशक्य होते. निसर्ग परत येतो आणि व्यवसाय कायमचा जातो, अशी ही दुहेरी घटना आहे. तिच्याकडे केवळ हानी किंवा केवळ लाभ म्हणून पाहता येत नाही.

पाहणी व पर्यटन

मिठाच्या वारशावर उभे राहिलेले पर्यटन जगात अनेक ठिकाणी आहे. पोलंडमधील विएलिच्का येथील खाण तेराव्या शतकापासून चालू होती. तिचा समावेश १९७८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला व तेथील व्यापारी उत्पादन १९९६ मध्ये थांबले. जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर मिठातच कोरलेले संत किंगा हिचे प्रार्थनामंदिर हे तिचे मुख्य आकर्षण आहे. पाकिस्तानातील खेवडा खाणीत पर्यटकांना छोट्या रेल्वेने आत नेतात. भारतात खनिज मीठ हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात द्रंग व गुमा येथे आढळते. कोकणाला जवळची तुलना मात्र या खाणींशी नव्हे, तर फ्रान्समधील गेराँद किंवा स्लोव्हेनियातील सेचोव्ल्ये येथील उघड्या मिठागरांशी होऊ शकते. तेथे जुनी पद्धत चालू ठेवून तीच पाहुण्यांना दाखवली जाते. सेचोव्ल्ये येथे मिठागराचे संग्रहालयही आहे.

महाराष्ट्रात सत्याग्रहाच्या स्मृतीमुळे शिरोडा येथील मिठागरे पाहण्यास लोक जातात. वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ या काळात तेथील शाळेत शिक्षक म्हणून काम केले, हे तेथे जाण्याचे आणखी एक कारण ठरते. धरमतर परिसरात मिठागर पाहणे हे मुख्यतः स्थानिक ओळखीने, अभ्यास सहलींतून किंवा पक्षिनिरीक्षणाच्या निमित्ताने होते. शेकाट्या, तुतवार, सुरय, बगळे व खंड्या हे पक्षी उथळ पाण्यात सहज दिसतात. जिल्ह्याच्या उत्तर भागातील पाणथळींवर हिवाळ्यात रोहितही येतात.

पाहणीसाठी जानेवारी ते मे हा काळ योग्य आहे. त्याआधी वाफे तयार होत असतात, तर जून ते सप्टेंबर या काळात आगर पाण्याखाली असते. मीठ ओढण्याचे काम पाहायचे असल्यास सकाळी लवकर जावे लागते. मिठागर ही खाजगी किंवा पट्ट्याने दिलेली जागा असल्याने आत जाण्यापूर्वी परवानगी आवश्यक असते. तयार वाफ्यात पाय टाकणे हा सर्वांत मोठा अपराध समजला जातो, कारण एका पावलाने फुटलेला तळ दुरुस्त करायला दिवस जातो. चालण्यासाठी आतले अरुंद बांध न वापरता मुख्य बांध वापरतात. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या वेळी खाडीलगतच्या बांधावर थांबणे धोक्याचे असते.

जाण्याचा मार्ग

मुंबई–गोवा महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ६६) पेणनंतर वडखळ लागते. तेथून एक फाटा धरमतर पुलावरून अलिबागकडे जातो. त्या पुलावरून खाडी, तिचे काठ आणि भरती-ओहोटीचा फरक चांगला दिसतो. महामार्गाने सरळ दक्षिणेकडे गेल्यास डोलवी, गडब, कासू व पुढे नागोठणे ही गावे येतात. पेण–रोहे लोहमार्गावरील पेण आणि कासू ही जवळची स्थानके होत. नागोठण्याजवळचा जुना दगडी पूल आणि पेण तालुक्यातील गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव (११ सप्टेंबर १८९५) ही याच फेरीत पाहता येण्यासारखी ठिकाणे आहेत. खाडीकाठच्या बाजारांत खारवलेले व सुकवलेले मासे मिळतात. खाऱ्या-गोड्या पाण्याच्या तळ्यांत वाढणारा जिताडा हा खारेपाटातील मानाचा मासा असून लग्नसंबंधांत व सरकारदरबारी भेट म्हणून तो देण्याची जुनी रीत या भागात सांगितली जाते.